इन्फिनिट जेस्ट : अवघड शब्द आणि संदर्भ

अमेरिकन लेखक डेव्हिड फॉस्टर वॉलेस (१९६२–२००८) यांची १९९६ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी. पाने हजारावर, शेवटी ३८८ टिपा. बॉस्टन परिसरातली एनफील्ड टेनिस अकादमी ही काल्पनिक संस्था आणि तिच्या टेकडीखालचे व्यसनमुक्तांचे वसतिगृह, या दोन ठिकाणी बहुतेक कथानक घडते. वॉलेस स्वतः इलिनॉयमध्ये कुमार गटाच्या स्पर्धा खेळले होते आणि त्यांची आई इंग्रजी शिकवत असे. टेनिस आणि व्याकरण, दोन्ही घरचेच.

शीर्षक शेक्सपिअरचे. पाचव्या अंकात विदूषक यॉरिकची कवटी हाती घेऊन हॅम्लेट त्याची आठवण काढतो, त्यातले हे दोन शब्द. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणलेले नाटक ते हेच. कादंबरीत हे नाव एका चित्रपटाला आहे. तो पाहू लागलेला माणूस तहानभूक विसरतो आणि पाहतच राहतो.

चित्रपटाचा कर्ता अकादमीचा संस्थापक. त्याचा मुलगा हॅल याला ऑक्सफर्ड शब्दकोश पाठ आहे. कादंबरीतल्या जडजंबाल शब्दांमागचे एक मोठे कारण हा मुलगा. सुरुवातीलाच विद्यापीठ-प्रवेशाच्या मुलाखतीत तो मनात अत्यंत नेटके बोलतो, पण समोरच्यांना नुसते भेसूर आवाज ऐकू येतात. इतके शब्द जवळ असून एकही पोचत नाही. त्याचे दुर्मीळ शब्द लेखकाची पोपटपंची म्हणून उडवून लावणाऱ्या वाचकाच्या हातून त्या मुलाचे एकटेपण निसटते.

सर्वांत दाट संदर्भ ‘एस्कॅटन’ या खेळात. ग्रीक मूळ, अर्थ ‘शेवटचे’. ख्रिस्ती धर्मशास्त्रात जगाचा अंत. अकादमीतली लहान मुले टेनिस कोर्टांना जगाचा नकाशा मानतात आणि सरावालाही निरुपयोगी झालेले ४०० चेंडू अण्वस्त्रे म्हणून लॉब मारून डागतात. अस्त्रांचे वाटप कॅल्क्युलसच्या प्रमेयावर. मग बर्फ पडू लागते आणि वाद पेटतो: बर्फ खऱ्या प्रदेशावर पडते आहे की फक्त नकाशावर? नकाशा आणि प्रदेश यांतला हा भेद आल्फ्रेड कॉर्झिब्स्की यांच्या अर्थविचारातला. इथे तो मुलांच्या हाणामारीत संपतो आणि डोकी फुटतात. याच कादंबरीच्या बोलीत ‘मॅप’ म्हणजे माणसाचा चेहरा. तो पुसणे म्हणजे मारणे.

‘द शो’ म्हणजे व्यावसायिक टेनिसची दुनिया. शब्द बेसबॉलच्या बोलीतला. कादंबरीतल्या जगात वर्षांना आकडे नाहीत, ती कंपन्यांना विकलेली आहेत. एक वर्ष तर प्रौढांच्या डायपरच्या नावे आहे. तिथल्या उत्तर अमेरिकी राष्ट्रसंघाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘ओनान’ हे बायबलमधले नाव निघते. बीज जमिनीवर सांडणारा तो हा ओनान. आत्मसुखात बुडालेल्या देशाला हे नाव नेमके बसते.

टिपा वगळून चालत नाही. २४व्या टिपेत हॅलच्या वडिलांची सगळी चित्रपटसूची आहे, काही टिपांना तर स्वतःच्या तळटिपा. त्यामुळे वाचणारे पुस्तकात दोन खुणा ठेवतात, एक कथेत आणि एक टिपांत.