कुलूप बदलण्याआधी दार तपासा
दुहेरी काचेच्या दारे-खिडक्यांची कुलपे आणि मुठी : बिघाड, कारणे व दुरुस्ती

साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात, पांझरा नदीच्या काठी वसलेल्या पिंपळनेर परिसरात जुन्या घरांची दारे सागवानी फळ्यांची, जाड आणि वजनदार असत. बाहेरून कडी-कोयंडा आणि आतून भिंतीत सरकणारा अडसर एवढीच त्यांची सुरक्षाव्यवस्था असे. त्यात काही बिघडलेच तर गावातील सुतार किंवा लोहार तासाभरात ते सरळ करून देई. खानदेशातील धाब्याच्या घरांच्या रुंद मातीच्या भिंती आणि लहान खिडक्या उन्हाळ्याची धगही घराबाहेर रोखीत.

सिमेंटच्या पातळ भिंती आणि मोठ्या खिडक्या आल्यावर हे गणित बदलले. ऊन, धूळ आणि रस्त्यावरचा आवाज रोखण्यासाठी यूपीव्हीसी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीत दोन काचा बसवलेली दारे-खिडक्या नव्या बांधकामांत येऊ लागल्या. पिंपळनेरसारख्या गावात त्या अजून सर्वत्र दिसत नाहीत. मात्र जेथे त्या बसतात, तेथे एक नवी अडचणही येते. मूठ फिरेनाशी झाली किंवा चावी अडकली, की नेमके काय बिघडले हे घरमालकाला कळत नाही. जवळच्या कारागिराला या दारांची सवय नसते आणि मोठ्या शहरातील विक्रेता बहुधा संपूर्ण पल्ला बदलण्याचाच सल्ला देतो. वास्तविक बहुतेक वेळा दोष एखाद्या सुट्या भागाचा किंवा केवळ पल्ला खाली उतरल्याचा असतो. काचेला हातही न लावता तो दूर करता येतो.

रचना कशी असते?

दोन काचांमध्ये हवा कोंडून कडा बंद करण्याच्या कल्पनेचे पेटंट अमेरिकेत थॉमस स्टेटसन यांनी १८६५ मध्ये घेतले. त्याच वर्षी लायनस येल (धाकटे) यांनी लहान, चपट्या चावीच्या पिन-कुलपाच्या सुधारित रचनेचे पेटंट मिळवले. आजच्या दुहेरी काचेच्या दारात या दोन्ही कल्पना एकत्र नांदतात. भारतात अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईतील लालबाग येथे कुलपांचा कारखाना सुरू केला आणि चावीचे कुलूप घरोघरी पोहोचू लागले.

आधुनिक दाराच्या कुलपाचे चार भाग ध्यानात ठेवले, की दोष शोधणे सोपे जाते. पहिला भाग मूठ. दुसरा, मुठीतून आरपार जाणारी चौकोनी दांडी, म्हणजेच स्पिंडल. तिसरा, पल्ल्याच्या कडेत दडलेली यंत्रणा. मूठ वर उचलली की ही यंत्रणा दाराच्या वर, मध्ये आणि खाली असलेले बोल्ट एकाच वेळी चौकटीत सरकवते. हिला बाजारात ‘मल्टिपॉइंट लॉक’ म्हणतात. चौथा भाग म्हणजे चावीचे सिलिंडर. खिडकीत ही रचना लहान असते आणि पुष्कळदा चावी मुठीतच बसवलेली असते. सरकत्या खिडक्यांत बोल्टऐवजी ‘टच लॉक’ किंवा ‘क्रेसेंट लॉक’ असते.

उन्हाळा आणि दार

कुलूप बिघडण्यापूर्वी पुष्कळदा दार बिघडलेले असते. सकाळी सहज लागणारे दार दुपारी अडते आणि रात्री पुन्हा नीट लागते, असा अनुभव आल्यास दोष उष्णतेत शोधावा. यूपीव्हीसीची एक मीटर लांबीची पट्टी तापमान एक अंश सेल्सिअसने वाढल्यास सुमारे ०.०७ मिलिमीटरने वाढते. पहाटे २५ अंशांवर असलेले २.१ मीटर उंचीचे दार उन्हात ५० अंशांपर्यंत तापले, तर ही वाढ साडेतीन मिलिमीटरच्या पुढे जाते. आत बसवलेल्या पोलादी पट्टीमुळे ती काहीशी कमी होते. ॲल्युमिनियममध्ये तेवढ्याच फरकाने होणारी वाढ सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते. शिवाय बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा अधिक तापल्याने दाराला किंचित बाकही येतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जाणाऱ्या धुळे-जळगाव जिल्ह्यांत हा फरक कुलपाच्या बोल्टला खाच न सापडण्यास पुरेसा ठरतो.

दुसरे कारण वाऱ्याचे. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या येथील वाऱ्याच्या भरवशावरच. उघडा पल्ला वाऱ्याने आपटत राहिला, तर बिजागऱ्यांचे स्क्रू सैल होतात आणि पल्ला मुठीच्या बाजूला खाली उतरतो. दोन काचांमुळे पल्ल्याचे वजनही वाढलेले असते. तिसरे कारण धूळ. ती कुलपात आणि सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत साचून राहते.

दोष कसा ओळखावा?

दोष कोठे आहे हे ठरवण्याची सोपी परीक्षा अशी : दार पूर्ण उघडे ठेवून मूठ वर-खाली करावी आणि चावी फिरवून पाहावी. उघड्या दारात सर्व काही सुरळीत चालत असेल आणि दार लावल्यावरच अडत असेल, तर कुलूप निर्दोष असून पल्ल्याची जागा चुकली आहे. उघड्या दारातही मूठ जड लागत असेल, तर दोष आतील यंत्रणेचा. मूठ सैल पडून खाली लोंबत असेल, तर तिच्यातील स्प्रिंग तुटली आहे किंवा स्क्रू ढिले झाले आहेत. मूठ फिरूनही बोल्ट हलत नसेल, तर दांडी झिजली आहे किंवा यंत्रणेचा गाभा, म्हणजेच गिअरबॉक्स, तुटला आहे. मूठ व्यवस्थित चालते पण चावीच फिरत नाही, असे असल्यास सिलिंडर तपासावे.

पल्ला नेमका कोठे अडतो हे पाहण्यासाठी बोल्टच्या टोकांना खडू लावून दार लावावे आणि मूठ उचलावी. चौकटीवरील पत्र्यावर उमटलेल्या खुणांवरून बोल्ट खाचेच्या वर, खाली की बाजूला आदळतो ते दिसते. खिडकी घट्ट बसते की नाही हे पाहण्यासाठी कागदाची पट्टी पल्ल्यात धरून खिडकी लावावी. पट्टी सहज ओढून निघाली, तर तेथे रबर नीट दाबले जात नाही असे समजावे.

पल्ला जागेवर आणणे

पल्ला उतरला असल्यास प्रथम बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट करावेत. दुहेरी काचेच्या दारांच्या बहुतेक बिजागऱ्यांत ॲलन कीने पल्ला वर-खाली किंवा आजूबाजूला सरकवण्याची सोय असते. एका वेळी अर्धा फेराच द्यावा, सर्व बिजागऱ्या सारख्या प्रमाणात फिरवाव्यात आणि प्रत्येक वेळी दार लावून पाहावे. फरक एक-दोन मिलिमीटरचाच असेल, तर चौकटीवरील पत्र्याचे स्क्रू ढिले करून तो सरकवता येतो. हे समायोजन शक्यतो सकाळी न करता दार तापलेले असताना करावे आणि रात्री पुन्हा तपासावे. पत्रा कानशीने घासून खाच मोठी करण्याचा मोह टाळावा, कारण त्यामुळे दार लागले तरी बोल्टची पकड कमी होते.

एवढे करूनही पल्ला उतरलेलाच राहिला, तर काचेच्या कडेला बसवलेल्या प्लास्टिकच्या आधारपट्ट्या सरकलेल्या असू शकतात. त्या नीट करण्यासाठी काच काढावी लागते. हे काम मात्र अनुभवी कारागिराकडेच सोपवावे. काचांच्या आतल्या पोकळीत बाष्प दिसू लागले असेल, तर कडेची मोहर फुटली असे समजावे. तेथे काचेची जोडी बदलावी लागते. कुलपाचा आणि या दोषाचा संबंध नसतो.

मूठ बदलताना

खिडकीची मूठ बदलणे हे सर्वांत सोपे काम आहे. खिडकी उघडी ठेवून मूठ अर्धी फिरवली, की स्क्रूंवरील टोप्या दिसतात. दोन स्क्रू काढले की मूठ दांडीसह बाहेर येते. नवी मूठ घेताना दोन स्क्रूंमधील अंतर, दांडीची जाडी आणि तिची बाहेर आलेली लांबी मोजून न्यावी. अनेक मुठींत स्क्रूंमधील अंतर ४३ मिलिमीटर आणि दांडी ७ मिलिमीटर चौकोनी असते, पण जुनी मूठ सोबत नेणे सर्वांत उत्तम. मूळ स्क्रूपेक्षा लांब स्क्रू वापरू नयेत. ते आतील यंत्रणेत अडकतात.

दाराच्या मुठीसाठी एक अंतर अधिक मोजावे लागते : दांडीच्या मध्यापासून चावीच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे. यूपीव्हीसीच्या अनेक दारांत ते ९२ मिलिमीटर असते, काही दारांत ८५ किंवा ७० मिलिमीटरही आढळते. गिअरबॉक्स बदलायचा असल्यास दाराच्या कडेपासून चावीच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतरही लिहून घ्यावे. ही मापे जुळली, तर मूळ कंपनीचाच भाग हवा असा आग्रह सहसा धरावा लागत नाही. धुळे, नाशिक किंवा सुरतच्या बाजारातून भाग मागवताना मापांसोबत कडेच्या पट्टीवर कोरलेल्या खुणेचे छायाचित्र पाठवल्यास हेलपाटा वाचतो.

सिलिंडर आणि चावी

सिलिंडर दाराच्या कडेला असलेल्या एकाच लांब स्क्रूने धरलेले असते. तो स्क्रू काढून चावी घालावी, ती किंचित फिरवावी आणि हलवत सिलिंडर बाहेर ओढावे. माप स्क्रूच्या छिद्राच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळे घ्यावे, कारण दोन्ही बाजू सारख्या असतीलच असे नाही. बसवल्यावर सिलिंडर मुठीच्या पट्टीबाहेर ३ मिलिमीटरपेक्षा अधिक डोकावू नये. डोकावणारे टोक पकडीने धरून तोडणे चोराला सोपे जाते.

चावी जड फिरू लागली, की खोबरेल तेलाचे थेंब सोडण्याची सवय अनेक घरांत आहे. ती कुलपाला घातक आहे. तेलावर धूळ चिकटून आत चिखल तयार होतो. शिवाय खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठते, आणि खानदेशात हिवाळ्यातील पहाटेचा पारा दहा अंशांखालीही उतरतो. सिलिंडरमध्ये ग्रॅफाइटची कोरडी भुकटी वापरावी. ती न मिळाल्यास पेन्सिलचे शिसे चावीच्या दातांवर घासून चावी काही वेळा आत-बाहेर करावी. पल्ल्याच्या कडेतील बोल्टना मात्र वर्षातून दोनदा, उन्हाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, स्वच्छ पुसून हलके मशीनचे तेल लावावे. सरकत्या खिडकीचे कुलूप लागत नसल्यास आधी खालची पट्टी झाडून चाके तपासावीत. चाक झिजून पल्ला तिरका झाला, की कुलपाचा आकडा समोरच्या खाचेत बसत नाही.

दार बंद अवस्थेत अडकले तर

सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे दार लागलेले असताना यंत्रणा तुटणे. उघड्या दारात अर्ध्या तासात बदलता येणारा भाग बंद दारात तासन्‌तास छळतो, कारण त्याचे स्क्रू पल्ल्याच्या कडेत झाकलेले असतात. म्हणूनच मूठ जड वाटू लागताच दुरुस्ती करावी. जोर लावून मूठ उचलणे किंवा मूठ पूर्ण न उचलताच चावी फिरवणे टाळावे. गिअरबॉक्स तुटण्यामागे बहुधा हीच सवय असते. अडकलेल्या दारावर हातोडा किंवा पहार चालवू नये. पक्की केलेली, म्हणजे टफन्ड, काच कडेला बसलेल्या एका घावानेही पूर्ण फुटून तिचे तुकडे होतात. बाहेरून एकाने दार चौकटीकडे दाबून धरावे आणि आतून दुसऱ्याने मूठ हळूहळू हलवावी. बोल्टवरील ताण कमी झाल्याने अनेकदा दार सुटते. न सुटल्यास कुलूप-कारागिरास बोलवावे.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. आपल्याकडे खिडक्यांना बाहेरून लोखंडी जाळ्या असतात. त्यामुळे आग लागली किंवा स्वयंपाकघरात गॅसची गळती झाली, तर दार हाच एकमेव मार्ग उरतो. जेथे वृद्ध व्यक्ती एकट्या राहतात, तेथे आतून चावीऐवजी फिरकी असलेले सिलिंडर बसवावे, म्हणजे घाईत चावी शोधावी लागत नाही. आतून चावी घालून ठेवल्यास अनेक सिलिंडर बाहेरून उघडत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. घरातील माणूस आत बेशुद्ध पडला, तर हीच चावी मदतीला आलेल्यांचा रस्ता अडवते. निदान एका खोलीच्या जाळीला उघडणारा भाग असावा, आणि त्याची चावी मुलांच्या हाताला न लागणाऱ्या पण मोठ्यांना अंधारातही सापडेल अशा ठरलेल्या जागी टांगलेली असावी.

जुन्या दाराचा अडसर जड झाला, की घरातील कोणीतरी त्याच दिवशी सुताराकडे निरोप धाडी. दुहेरी काचेच्या दारालाही तेवढेच लक्ष पुरेसे आहे. वर्षातून दोनदा स्क्रू, बिजागऱ्या आणि बोल्ट तपासणे, मापे एका वहीत लिहून ठेवणे आणि पहिल्या कुरकुरीलाच हात घालणे एवढे केले, तर संपूर्ण पल्ला बदलण्याची वेळ सहसा येत नाही.