कसेल त्याची जमीन. पण मालकच आदिवासी असेल तर?

१/ मुंबई कुळवहिवाट कायद्याने १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरवला. काही अपवाद वगळता, त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले गेले.

२/ या कायद्यापुढे एक ठरावीक चित्र होते : मालक धनवान, कूळ दरिद्री. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशात होता. तेथे याच्या उलटही घडत असे. जमिनीचा मालक भिल्ल शेतकरी आणि ती खंडाने कसणारा सधन बिगर-आदिवासी. अशा ठिकाणी कुळाचे संरक्षण मालकाच्याच मुळावर आले.

३/ १९७१-७२ पासून शहादा परिसरात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आणला.

४/ ६ जुलै १९७४ पासून महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने देण्यासही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी आवश्यक झाली.

५/ पाठोपाठ आलेल्या जमीन प्रत्यार्पण कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणे तपासणीखाली आणली. कूळकायद्याने गेलेल्या जमिनीही त्यांत होत्या. प्रारंभाची तारीख कृषकदिनाचीच आहे, हे लक्षणीय.

६/ या संरक्षणाचे मोलही मालकच देतो : स्वतःची जमीन खंडाने देण्यासाठी त्याला कचेरीची पायरी चढावी लागते. तरीही १९५७ चा अनुभव पाहता हे बंधन का आले, ते उमगते. मालक आणि कूळ या शब्दांवरून दुर्बल कोण, हे ठरत नाही.