खुर्चीसकट बाहेर

बार्शी लाईट रेल्वेचं नाव काढलं की सोलापूर-लातूरकडच्या जुन्या माणसांना अरुंद रुळांवरून रमतगमत जाणारी गाडी आठवते. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी खचाखच भरून पंढरपूरला जाणारी हीच ती गाडी. अडीच फुटी रुळांवरचा हा मार्ग एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने उभा केला. जीआयपी रेल्वेच्या नोकरीसाठी १८८२ मध्ये तो हिंदुस्थानात आला, आणि १८९७ मध्ये त्याची गाडी बार्शी आणि कुर्डुवाडीच्या दरम्यान धावू लागली. रूळ हलके ठेवायचे, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही आणि तरीही माल भरपूर न्यायचा, हा त्याचा हट्ट होता. बार्शीत तो खरा ठरला. रेल्वेच्या इतिहासात त्याला मान आहे तो यासाठी.

विमानवेड्यांनी मात्र त्याला वेगळ्या कारणासाठी ओळखायला हवं. वैमानिकाला आसनासकट विमानाबाहेर फेकायचं, तेही दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर, अशा युक्तीचं पेटंट या माणसाने १९१६ मध्ये घेतलं. आजच्या इजेक्शन सीटचा मूळपुरुष शोधत गेलं तर वाट बार्शीवरून जाते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

रेल्वेवाला विमानाकडे वळला तो एका मृत्यूमुळे. रोल्स-रॉइस या जोडनावातला चार्ल्स रोल्स त्याचा मित्र. १९१० च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये बोर्नमथ इथे उड्डाण करताना रोल्सच्या विमानाची शेपूट मोडली आणि तो जागीच गेला. कॅल्थ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला. त्याने बनवलेल्या छत्रीचं नाव ‘गार्डियन एंजल’. कमी उंचीवरूनही ती उघडते हे दाखवण्यासाठी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी मारण्यात आली. उडी मारणारा ऑर्ड-लीस हा शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवर जाऊन आलेला. म्हणजे जिवावर उदार होण्याचा सराव त्याला होताच.

एवढं करूनही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना छत्री मिळाली नाही. जागा नाही, वजन वाढतं, ही कारणं होतीच. त्यांच्या जोडीला अधिकाऱ्यांमध्ये आणखी एक शंका होती: सुटकेची सोय हाताशी असेल तर वैमानिक लढायचं सोडून लवकर उडी मारेल. शत्रूच्या प्रदेशात हेर उतरवायला हीच छत्री चालत होती, पण जळत्या विमानातल्या पोरांना ती नाकारली गेली. जर्मनांनी १९१८ मध्ये आपल्या वैमानिकांना छत्र्या दिल्या आणि त्यांतले कित्येक जगले. ही शंका लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढच्या शंभर वर्षांत घडलं ते नेमकं याच्या उलट.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत छत्र्या सर्रास झाल्या, पण तोवर वेग वाढला होता. ताशी ६४० किलोमीटरला कॉकपिटमधून बाहेर डोकावणाऱ्या माणसावर वाऱ्याचा रेटा चौरस मीटरला जवळपास दोन टन पडतो. हातपाय हलवणंही अशक्य. त्यातून कुणी बाहेर पडलाच, तर मागची शेपूट येऊन आदळते. म्हणजे माणसाने उडी मारून भागणार नव्हतं, त्याला विमानानेच फेकायला हवं होतं.

हे पहिल्यांदा करून दाखवलं जर्मनीच्या हाइंकेल कंपनीने. तिच्या हे-२८० या जेट विमानात दाबलेल्या हवेवर चालणारी सीट होती, म्हणजे कॅल्थ्रॉपचीच कल्पना. १९४२ च्या जानेवारीत चाचणीच्या वेळी शेंक नावाच्या वैमानिकाच्या विमानावर बर्फ धरलं आणि नियंत्रणं गोठली. त्याने सीट उडवली आणि तो सुखरूप खाली उतरला. संकटात सापडून अशा रीतीने सुटलेला जगातला हा पहिला माणूस. त्याच सुमारास स्वीडनमध्ये साब कंपनी याच प्रश्नाशी झगडत होती, पण तिची अडचण वेगळी होती. तिच्या साब-२१ विमानाचा पंखा वैमानिकाच्या पाठीमागे होता. उडी मारणारा थेट त्या पात्यांत सापडला असता, म्हणून तिथे सीट आली.

इंग्लंडमधली कहाणी एका मैत्रीची आहे. जेम्स मार्टिन हा उत्तर आयर्लंडचा, हाताने काहीही घडवू शकणारा माणूस, आणि व्हॅलेंटाइन बेकर हा त्याचा भागीदार आणि चाचणी-वैमानिक. दोघे मिळून विमानं बांधत होते. १९४२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्याच एमबी-३ या विमानाचं इंजिन उड्डाण होताच बंद पडलं, आणि उतरायचा प्रयत्न करताना बेकर गेला. त्यानंतर मार्टिनचं लक्ष विमानावरून वैमानिकावर गेलं ते कायमचं. १९४४ मध्ये सरकारने जेट विमानातून सुटकेचा मार्ग शोधायला सांगितलं, तेव्हा तो तयारच होता.

खुर्ची फेकणं फारसं अवघड नव्हतं. नळीत काडतूस उडवलं की ती रुळावरून वर जाते. अवघड होता तो वैमानिकाचा पाठीचा कणा. १९४५ च्या जानेवारीत लंडनजवळ डेनहॅमला कारखान्यात उंच तिरका सांगाडा उभारला आणि आधी वाळूची पोती, मग माणूस वर फेकून पाहिला. हा माणूस म्हणजे बर्नार्ड लिंच, कारखान्यातला फिटर. पहिल्या खेपेला तो पाचेक फूट वर गेला. मग थोडं थोडं वाढवत दहा फुटांवर पोचल्यावर त्याला त्रास जाणवू लागला. पुढे एका पत्रकाराने हौसेने स्वतःला फेकून घेतलं आणि त्याचे मणके चेपले. यातून मार्टिनला एक गोष्ट उमजली: माणसावर एकूण किती जोर पडतो याइतकंच तो जोर किती झपाट्याने चढतो यालाही महत्त्व आहे. भरलेली बैलगाडी हळू ओढली तर जू टिकतं, बैलांनी एकदम हिसका दिला तर मोडतं. मणक्यांचंही तसंच. म्हणून त्याने एका काडतुसाच्या जागी एकामागोमाग पेटणारी दोन काडतुसं घातली आणि मर्यादा ठरवली: गुरुत्वाकर्षणाच्या एकवीस पटींहून जास्त नाही, आणि तीही हळूहळू चढत जाणारी. सत्तर किलोच्या माणसावर हा भार जवळजवळ दीड टन होतो. त्यात कणा सरळ असेल तर तो वाचतो, वाकलेला असेल तर नाही. यासाठी सुरुवातीच्या सीटचं हँडल डोक्याच्या वर ठेवलेलं असे. ते खाली ओढताना माणूस आपोआप ताठ बसे आणि हँडलला जोडलेलं जाड कापड वाऱ्यापासून चेहरा झाके. पुढे लक्षात आलं की गिरक्या घेत पडणाऱ्या विमानात हात वर नेणंच शक्य होत नाही, तेव्हा हँडल दोन मांड्यांमध्ये आलं.

लिंच १९४६ च्या जुलैमध्ये उडत्या मीटियॉर विमानातून, ताशी पाचशेहून जास्त किलोमीटर वेगात, स्वतःला फेकून घेऊन उतरला. फिटरच्या नोकरीत हे कुठल्या कलमाखाली बसत होतं देव जाणे. १९४९ मध्ये जो लँकेस्टर या ब्रिटिश चाचणी-वैमानिकाचं शेपूट नसलेलं विमान हवेत थरथरू लागलं, तेव्हा त्याने मार्टिनची सीट ओढली. मार्टिनच्या सीटची ही पहिली खरीखुरी वेळ. त्या काळी सीट फक्त बाहेर फेकत असे. पट्टे सोडणं, सीटपासून सुटं होणं, छत्री उघडणं हे सगळं ज्याचं त्याने हवेत करायचं. लँकेस्टरने ते केलं आणि तो २०१९ मध्ये, वयाची शंभरी गाठून गेला.

यानंतरची वीस वर्षं सीट हुशार होत गेली. पाय आपोआप मागे खेचले जाऊ लागले, म्हणजे बाहेर पडताना गुडघे कॉकपिटच्या कडेवर आपटत नाहीत. फार उंचावर हवा विरळ असते, तिथे छत्री न उघडता माणसाला आधी खाली आणायचं, हे ठरवणारं दाबमापक बसलं. कॅनोपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, काचेवर स्फोटक दोरी चिकटवून काच फोडण्याची युक्ती आली. हॉक किंवा तेजस विमान जवळून पाहिलंत तर काचेवर नागमोडी पांढरी रेघ दिसते, तीच ही दोरी. नवशिक्यांना ती तडा वाटते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे काडतुसाच्या मदतीला रॉकेट आलं. त्याचा जोर तीव्र नसतो पण जास्त वेळ टिकतो, म्हणून कणा सांभाळून माणसाला खूप उंच नेता येतं. १९६१ मध्ये जमिनीवर उभ्या सीटमधून, शून्य उंची आणि शून्य वेग असताना, जिवंत माणूस उडवून दाखवला गेला. धावपट्टीवर थांबलेल्या विमानातूनही आता सुटका होती.

वाटेत अघोरी फाटेही फुटले. अमेरिकेच्या एफ-१०४ विमानाची शेपूट इतकी उंच होती की वर फेकलेला वैमानिक तिला आपटेल या भीतीने सुरुवातीच्या सीट चक्क खाली फेकणाऱ्या बनवल्या. उंचावर ठीक, पण उड्डाणाच्या वेळी खाली जमीनच असते. आयव्हन किनचेलो हा त्यांचा नामांकित चाचणी-वैमानिक १९५८ मध्ये असाच गेला. विमान उलटं करून बाहेर पडायला लागणारी उंची त्याच्याकडे नव्हती. बी-५८ बॉम्बफेकी विमानासाठी वैमानिकाला पेटीत बंद करून फेकायची पद्धत निघाली आणि तिच्या चाचणीला गुंगी दिलेली अस्वलं वापरली. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात सर्वांत निरपराध प्राणी तेच.

रशियन लोक वेगळ्या वाटेने गेले. १९६३ मध्ये आपल्याकडे आलेल्या पहिल्या मिग-२१ विमानांत कॅनोपी सीटला चिकटूनच बाहेर जाई आणि वैमानिकापुढे ढालीसारखी राही. वेगात ही सोय होती, पण जमिनीलगत या गुंतागुंतीत मोलाचे क्षण जात. पुढच्या मिगमध्ये ती सोडून दिली. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने मिग-२१ बांधायला घेतलं ते साठच्या दशकात. एकच इंजिन, उतरतानाचा वेग प्रचंड, त्यामुळे काही बिघडलं की विचार करायला वेळ जवळजवळ नाहीच. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये चंदीगडला हे विमान निवृत्त झालं तेव्हा त्याच्या अपघातांवर भरभरून लिहिलं गेलं. त्या अपघातांतून किती जण सीटमुळे घरी परतले, यावर त्या मानाने कमी.

रशियाची खरी कमाल म्हणजे मॉस्कोजवळच्या तोमिलिनो इथल्या झ्वेज्दा कंपनीची के-३६ सीट. १९८९ च्या पॅरिस विमान-प्रदर्शनात अनातोली क्वोचुरच्या मिग-२९ च्या इंजिनात पक्षी शिरला. विमान नाक खाली करून जमिनीकडे झेपावलं असताना शंभर मीटरहून कमी उंचीवर त्याने हँडल ओढलं. छत्री पुरती फुगायच्या आतच तो जमिनीवर आला, आणि जगला. ते चित्रीकरण पाहून पाश्चात्त्य अभियंते चकित झाले. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकेने ही सीट मागवून तपासली.

आता पहिल्या महायुद्धातल्या त्या शंकेकडे. वैमानिक फार लवकर विमान सोडेल, असं साहेबांना वाटत होतं. प्रत्यक्षात जगभरच्या अपघात-चौकशांत पुन्हापुन्हा सापडतं ते हे की तो फार उशिरा सोडतो. यंत्र सावरेल, खाली गाव आहे, आणखी एक प्रयत्न करू, या विचारात शेवटचे दोन सेकंद निघून जातात. सीट कितीही सुधारली तरी हँडलवर हात माणसाचाच. म्हणून काही ठिकाणी तोही काढून घेतला गेला. रशियाचं याक-३८ हे विमान उभ्या रेषेत उतरत असे. त्यात ते ठरावीक मर्यादेबाहेर कलंडलं की सीट वैमानिकाला न विचारताच उडत असे. अमेरिकेच्या एफ-३५बी मध्येही उभं उतरताना अशीच सोय आहे.

हात चुकीच्या वेळीही जातो. २०१९ मध्ये फ्रान्समध्ये सहकाऱ्यांनी भेट म्हणून राफेलमध्ये बसवलेल्या ६४ वर्षांच्या एका गृहस्थाने विमान झपाट्याने वर चढून सरळ होताना घाबरून हाताला लागलं ते घट्ट धरलं. ते नेमकं हँडल होतं. गृहस्थ बाहेर फेकले गेले आणि किरकोळ इजेवर निभावलं. पुढच्या वैमानिकाची सीट बिघाडामुळे उडली नाही, म्हणून विमान तेवढं परत आलं.

आपल्याकडे याहून गूढ प्रसंग पुण्याजवळ थेऊरला घडला. १४ ऑक्टोबर २०१४ ला लोहगावला उतरायला निघालेल्या सुखोई-३० मधून दोन्ही वैमानिक बाहेर फेकले गेले आणि विमान शेतात पडलं. सीट आपोआप उडाल्या, कुणी हँडल ओढलं नव्हतं, असं हवाई दलाचं म्हणणं. रशियन तज्ज्ञांना ते पटलं नाही. साऱ्या सुखोई ताफ्याची उड्डाणं थांबवून सीट तपासल्या गेल्या. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात २०१८ मध्ये पिंपळगाव बसवंतजवळ आणि २०२४ मध्ये शिरसगावला सुखोई कोसळलं, तिथे असा वाद नव्हता. दोन्ही वेळा दोघेही वैमानिक छत्रीने शेतात उतरले आणि गावकऱ्यांच्या गर्दीत सापडले.

मार्टिन-बेकर कंपनीने १९५७ मध्ये एक क्लब काढला. तिच्या सीटने जीव वाचलेल्या प्रत्येकाला एक टाय मिळतो. पैसे देऊन तो विकत मिळत नाही. कंपनीच्या हिशेबाने वाचलेल्यांची संख्या आज साडेसात हजारांच्या पुढे आहे. आपली जग्वार, हॉक, मिराज ही विमानं त्याच घराण्याच्या सीटवर उडतात, आणि तेजसही. २०२४ च्या मार्चमध्ये जैसलमेरला पडलेल्या पहिल्या तेजसचा वैमानिक याच सीटने सुखरूप उतरला. थेऊर, पिंपळगाव आणि शिरसगावच्या शेतांत उतरलेल्या सहा जणांना मात्र हा टाय घालता येणार नाही. त्यांची सीट तोमिलिनोची.