ख्रिस्ती उपासना : कारण आणि भाषा

देवाची उपासना कशासाठी? ख्रिस्ती धर्मशास्त्र याचे उत्तर मुख्यतः कृतज्ञतेत शोधते. देव निर्माता आहे, तारणारा आहे आणि प्रीती आधी त्याने केली. उपासना हा त्या प्रीतीला माणसाने दिलेला प्रतिसाद होय. मागणे तिच्यात असते, पण ते नंतर येते.

हे उत्तर मराठीत रुजले कसे, हा आम्हांला साहित्येतिहासाचा प्रश्न वाटतो. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) नवख्रिस्ती श्रोता जुन्या पुराणांच्या जागी काही वाचायला मागतो, आणि त्याला उत्तर मिळते ते ओवीत. पुढे रेव्ह. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगितले. त्यांच्या पदांत ख्रिस्त माउली आणि गुरू म्हणून भेटतो. कृतज्ञतेला तेथे वारकऱ्याची आर्तता येते.

आम्ही बुलढाणा जिल्ह्यात शिकवतो. शेगावहून पंढरपूरला निघणारी पालखी पाहत वाढलेल्या विद्यार्थ्यांना ही आर्तता परकी वाटण्याचे कारण नाही. तरीही ही पदे ‘धर्मप्रसार’ म्हणून बाजूला ठेवली जातात. त्यांत नुकसान ख्रिस्ती मंडळींपेक्षा मराठी भक्तिकाव्याच्या अभ्यासाचे अधिक होते, असे आम्हांला वाटते.