अश्वशूल आणि उदरपाटन

अश्वांच्या पोटशुळावर प्राचीनांपाशी शस्त्रक्रिया होती, असे सांगताना सुश्रुताकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. चिकित्सास्थानाच्या १४व्या अध्यायात बद्धगुदोदराचा विधी आहे खरा. नाभीखाली, रोमराजीच्या डावीकडे चार अंगुळे सोडून चार अंगुळांचा छेद घ्यावा, आतडी बाहेर काढून अडलेला खडा, केस वा मळ दूर करावा, मधतुपाने माखून ती जागी बसवावी व पोट शिवावे. छिद्र पडले असल्यास त्यावर काळ्या मुंग्या डसवून त्यांची डोकी तेवढी ठेवावी. (इतका तपशील केवळ कल्पनेने सुचत नाही.)

परंतु हा रोगी मनुष्य होय, अश्व नव्हे. घोड्यास वांती होत नाही. त्याचे लांब व सैल मोठे आतडे पीळ खाते. १९५६ साली हॅलोथेन हे गुंगीचे औषध प्रचारात आले, त्यानंतरच पाश्चात्त्य पशुवैद्यांसही ही क्रिया भरवशाने साधू लागली.

शालिहोत्राच्या पोथीत 'शिरावेध' आढळला, तर ते रक्तमोक्षण समजावे. अश्वाच्या उदराविषयी 'पाटन' व 'सीवन' ही दोन्ही पदे एकत्र असलेले पान ज्यांच्या संग्रही असेल, त्यांनी ते पाठभेदांसह अवश्य प्रसिद्ध करावे.