ई-सिगारेट : उपकरण व टाकी

बॅटरीवर तार तापवून सुगंधी, बहुधा निकोटीनयुक्त द्रवाचा सूक्ष्म थेंबांचा फवारा करणारे व तो श्वासावाटे आत घेण्याचे साधन. बोलण्यात ‘व्हेप’. मुंबईच्या पानटपऱ्यांवर याचाच एक साधा प्रकार ‘पेन हुक्का’ म्हणून विकला जाई. यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे राख नसते आणि कार्बन मोनॉक्साइड व डांबर सिगारेटच्या मानाने फारच कमी असते. निकोटीन मात्र तेच. भारतात २०१९ पासून या साधनाची विक्री बंद असल्याने निवडीविषयीचा पुढील मजकूर तांत्रिक वर्णन म्हणून वाचावा.

इतिहास : धूररहित सिगारेटचे पेटंट अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६५ मध्ये मिळाले, ती बाजारात आली नाही. आजचे साधन चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांच्या २००३ च्या कामावरून आले. त्यांच्या मूळ रचनेत द्रवाचे थेंब श्राव्यातीत कंपनांनी होत; तापतारेची पद्धत नंतर रूढ झाली.

टाकी : द्रव साठवणारी नळी, तिच्या मध्यभागी कॉइल (तापतार व कापसाची वात), खाली हवेची झडप आणि वर तोटी. टाकी व बॅटरीचा सांगाडा जोडणाऱ्या आट्यांचे माप जवळजवळ सर्वत्र एकच, ७ मिमी व्यासाचे, असते. ‘जॉय ५१०’ या जुन्या प्रतिरूपावरून त्यांना ‘५१० आटे’ म्हणतात. त्यामुळे एका कंपनीची टाकी दुसऱ्या कंपनीच्या सांगाड्यावर बसते. बसली म्हणजे जुळली, असे मात्र नव्हे. नळी बोरोसिलिकेट काचेची असावी, कारण दालचिनी व लिंबूवर्गी स्वादांचे काही द्रव पॉलिकार्बोनेटला तडे पाडतात. द्रव वरून भरण्याची सोय असलेली टाकी हाताळायला सोपी. यूरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार टाकीची क्षमता २ मिलि., भरण्याची बाटली १० मिलि. आणि निकोटीनचे प्रमाण दर मिलिलिटरला २० मिग्रॅ. एवढीच कमाल मर्यादा आहे.

द्रव : प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटीन. पहिला घटक पातळ असतो व घशाला झोंबतो. दुसरा दाट असून ढग वाढवतो. ग्लिसरीन ७० टक्क्यांवर गेले की बारीक छिद्रांच्या कॉइलमध्ये ते वेळेवर पोहोचत नाही, वात कोरडी पडते आणि कापूस करपतो. त्या झुरक्यात फॉर्माल्डिहाइड व अ‍ॅक्रोलीन वाढतात. उन्हाने द्रव पातळ होऊन टाकी गळते. विमानात बाहेरचा दाब उतरला की टाकीतली अडकलेली हवा प्रसरण पावते आणि तेच होते.

रोध, दाब आणि बॅटरी : निवडीचा खरा प्रश्न येथे आहे. विक्रेते रंग, पडदा आणि ढगाचा आकार दाखवत. पाहायचा असतो तो ओहमचा आकडा. पूर्ण भारलेल्या लिथियम घटाचा दाब ४.२ व्होल्ट. कॉइलचा रोध १.५ ओहम असेल तर प्रवाह २.८ अँपिअर व शक्ती सुमारे १२ वॅट, ०.५ ओहमला ८.४ अँपिअर व ३५ वॅट, ०.१५ ओहमला २८ अँपिअर व जवळजवळ ११८ वॅट. म्हणजे रोध दहापट कमी झाला की घटावरचा भार दहापट होतो. सर्वाधिक वापरातल्या ‘१८६५०’ घटाचा (व्यास १८ मिमी, लांबी ६५ मिमी) सतत प्रवाह चांगल्या प्रतीत २० अँपिअरच्या आसपास असतो. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले घट याहून बरेच कमी सोसतात. तेव्हा तिसऱ्या उदाहरणातली कॉइल एका घटावर लावणे हा खेळ नव्हे. इलेक्ट्रॉनिक मंडल असलेल्या सांगाड्यात प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तुटतो. केवळ बटण व धातूची नळी असलेल्या ‘मेकॅनिकल’ प्रकारात असे संरक्षण नसते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात २०१८ साली अशा उपकरणाच्या स्फोटात एकाचा मृत्यू झाला. घटाचे प्लॅस्टिक वेष्टन फाटलेले असणे, तो किल्ल्या वा नाण्यांसह खिशात ठेवणे ही स्फोटाची नेहमीची कारणे.

तारेचे मिश्रधातूही पाहावे लागतात. कँथल (लोह, क्रोमियम व अ‍ॅल्युमिनियम) तापल्यावर आपला रोध फारसा बदलत नाही. निकेल, टिटॅनियम व स्टेनलेस स्टील यांचा रोध तापमानाबरोबर वाढतो. त्या वाढीवरून तारेचे तापमान ओळखून कापूस करपण्याआधी शक्ती कमी करणारी मंडले २०१४ पासून मिळू लागली. एवढ्या वर्षांत या साधनात झालेली अभियांत्रिकीची खरी सुधारणा हीच. बाकी बहुतेक सजावट.

ओढण्याच्या ढबीवरून दोन प्रकार पडतात. बिडी-सिगारेटप्रमाणे आधी तोंडात व मग छातीत घेणाऱ्यांसाठी १ ओहमच्या वरची कॉइल, अरुंद झडप, कमी वॅट व जास्त निकोटीन. हुक्क्याप्रमाणे थेट छातीत ओढणाऱ्यांसाठी याच्या नेमके उलट.

पॉड व एकदाच वापरायचे नग : बंद पॉडात टाकी, कॉइल व द्रव एकत्रच येतात, त्यामुळे निवड स्वादापुरती उरते. २०१५ मध्ये आलेल्या ‘जूल’ने निकोटीनचे क्षार वापरले; त्यांनी घसा कमी झोंबतो आणि तीव्र मात्राही सहज ओढली जाते.

कायदा : केंद्र सरकारचा अध्यादेश १८ सप्टेंबर २०१९ चा, त्याची जागा घेणाऱ्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती ५ डिसेंबर २०१९ रोजी मिळाली. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण व जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढील गुन्ह्यास ३ वर्षांपर्यंत कैद व ५ लाखांपर्यंत दंड. साठवणुकीस ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्याख्या मुद्दाम व्यापक ठेवली आहे. निकोटीन असो वा नसो, तंबाखू न जाळता तापवणारी साधने आणि ई-हुक्काही तीत येतात. कायद्याच्या दृष्टीने वरच्या सर्व तांत्रिक भेदांना काही अर्थ नाही. स्वतःच्या वापरासाठी एखादे साधन बाळगणे ‘साठवणूक’ ठरते का, याविषयी वेगवेगळी मते मांडली गेली आहेत.

महाराष्ट्राची पार्श्वभूमी हुक्क्याची आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मुंबईतील कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा मृत्यू झाल्यानंतर राज्याने २०१८ मध्ये तंबाखूविषयक केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरांवर बंदी घातली. गुटखाबंदी त्याआधीची, २०१२ ची.

अंधेरी : बंदीचा परिणाम मुंबईच्या या उपनगरात पाहता येतो, कारण पुरवठ्याचे द्वार आणि गिऱ्हाईक दोन्ही येथे जवळजवळ. पूर्वेला सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल व हवाई मालसंकुल, जेथे तपासणी सीमाशुल्क खात्याची. पश्चिमेला लोखंडवाला, वर्सोवा व महाविद्यालयांचा परिसर, जेथे झडतीचा अधिकार डी. एन. नगर, वर्सोवा, ओशिवरा, आंबोली अशा ठाण्यांतील उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला. बंदीनंतर सुट्या कॉइल, बदली काचा व योग्य घट उघडपणे मिळणे थांबले. दुरुस्ती करता येणारी टाकी त्यामुळे मागे पडली व चोरट्या बाजारात एकदाच वापरून फेकायचे नग पुढे आले. त्यांच्या वेष्टनावर छापलेले निकोटीनचे प्रमाण वा झुरक्यांची संख्या पडताळणारी यंत्रणा नाही. कायद्याने सर्व प्रकार एका तराजूत तोलले आणि बाजारात त्यांतला सर्वांत अपारदर्शक प्रकार उरला, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

आरोग्य व वाद : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे २०१९ मधील श्वेतपत्रिकेत संपूर्ण बंदीची शिफारस केली; वापरकर्त्यांच्या संघटनांनी सिगारेट सुटण्यास मदत होते, असा प्रतिवाद केला. अमेरिकेत फेब्रुवारी २०२० पर्यंत या साधनांच्या वापराशी निगडित फुप्फुसविकाराचे २,८०७ रुग्ण व ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यांचा संबंध मुख्यतः गांजाच्या अर्काच्या द्रवातील ई-जीवनसत्त्व अ‍ॅसिटेटशी जोडला गेला. महाराष्ट्रापुरते पाहता २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात तंबाखू घेणारे २६.६ टक्के, ओढणारे जेमतेम ३.८ टक्के, बाकी मुख्यतः चघळणारे. ज्यांची तलफ मिश्री, मावा किंवा तंबाखू-चुन्याची, त्यांच्या बाबतीत टाकी व कॉइलचा वाद गैरलागू ठरतो.

विल्हेवाट : लिथियम घट ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत.

व्यसनमुक्ती : २ मिग्रॅ. निकोटीनचे च्युइंगगम औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. परवानाधारक औषधे ई-सिगारेटवरील बंदीतून वगळलेली आहेत. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा क्रमांक १८००-११२-३५६ असून तो निःशुल्क आहे. या सेवेचे एक केंद्र मुंबईत टाटा स्मारक केंद्राकडे आहे.