मटेरियल्स आणि प्रोसेस इंजिनीअरिंग : न्यूझीलंडमधल्या आपल्या मुलांसाठी थोडी माहिती



गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका मित्राच्या मुलीने मला विचारले, "काका, मटेरियल्स इंजिनीअर नक्की काय करतो?" मी तोंड उघडण्याआधीच तिचे बाबा म्हणाले, "त्यापेक्षा कॉम्प्युटर घे गं!" सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र चुटपुट लागली. मी स्वतः पुण्यात मेटलर्जी शिकलो. मार्कांप्रमाणे पदरात पडलेली ब्रँच, शेवटच्या वर्षी कॅम्पसमधून सॉफ्टवेअरची नोकरी, आणि पोलाद तिथेच सुटले. त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर इथे देतो.

ही शाखा म्हणजे काय?

शाळेतले पदार्थविज्ञान म्हणजे फिजिक्स, हे ते नव्हे. वस्तू कशाची करावी आणि तो पदार्थ आतून कसा घडलेला आहे, हे मटेरियल्स इंजिनीअर बघतो. तोच पदार्थ रोज टनावारी, सुरक्षितपणे आणि परवडेल अशा खर्चात कसा तयार करायचा, हे प्रोसेस इंजिनीअरचे काम.

दोन उदाहरणे इथलीच घेऊ. पिहाच्या किनाऱ्यावरची काळी वाळू आपण सर्वांनी पाहिली आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या या वाळूत लोखंड आहे, पण सोबत टायटॅनियमही आहे. त्यामुळे नेहमीच्या झोतभट्टीत तिचे काही जमेना. एकोणिसाव्या शतकातले प्रयत्न फसले. १९६५ साली न्यूझीलंड स्टील कंपनी स्थापन झाली. तिच्या ग्लेनब्रूकच्या कारखान्यासाठी वायकाटो नदीच्या मुखाजवळची वाळू पाण्यात कालवून १८ किलोमीटरच्या पाइपमधून आणतात. तिथे फिरत्या भट्टीत कोळशाबरोबर तापवून आधी तिच्यातला ऑक्सिजन काढायचा आणि मग विजेच्या भट्टीत वितळवायची, अशी वेगळी वाट काढली गेली. वाळू तीच, प्रक्रिया बदलली!

दुसरे उदाहरण दुधाचे. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. खवा करताना आपण ते आटवतो आणि तळाला लागू नये म्हणून ढवळत बसतो. पावडरच्या कारखान्यात हवेचा दाब कमी करून दूध ७० अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी तापमानाला उकळवतात, म्हणजे ते करपत नाही. मग गरम हवेत त्याचा फवारा उडवून पावडर करतात.

कुठे आणि कसे शिकतात?

ऑकलंड विद्यापीठात 'केमिकल अँड मटेरियल्स' आणि क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठात 'केमिकल अँड प्रोसेस' अशा शाखा आहेत. पदवी ४ वर्षांची. पहिले वर्ष बहुतेक सर्वांना सारखेच असते आणि शाखा त्यानंतर ठरते, म्हणून पहिल्या वर्षाचे मार्क महत्त्वाचे. ऑकलंडमध्ये पदवीसाठी ८०० तासांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभवही लागतो. शाळेच्या शेवटच्या वर्षात कॅल्क्युलस आणि फिजिक्स सोडू नये. या शाखेसाठी केमिस्ट्रीही घेतलेली बरी.

पदवी बाहेर चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. इंजिनीअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणारा वॉशिंग्टन करार १९८९ साली झाला. न्यूझीलंड त्याच्या ६ संस्थापक देशांपैकी एक आहे आणि भारत २०१४ साली पूर्ण सभासद झाला. मात्र मान्यता ज्या त्या अभ्यासक्रमाला असते, ती तपासून घ्यावी.

फीचे गणित

हा मुद्दा पालकांनी आधीच बघावा. वर्क व्हिसावर असताना मुले शाळेत स्थानिक म्हणून शिकतात, पण विद्यापीठात त्यांना परदेशी विद्यार्थ्यांची, कित्येक पट जास्त फी पडते. रेसिडन्स मिळाला की स्थानिक फी लागते. सरकारी स्टुडंट लोनसाठी मात्र नागरिकत्व हवे, किंवा रेसिडन्स मिळून इथे ३ वर्षे राहिलेले असावे. देशात राहणाऱ्याला त्या कर्जावर व्याज नाही. म्हणून रेसिडन्सचा अर्ज मुलांच्या शाळेच्या वर्षांकडे बघून करावा.

दुसरी बाजू

नोकऱ्या आहेत, पण आयटीसारख्या शहराच्या मध्यावर नाहीत. कारखाना असेल त्या गावी जावे लागते, शिफ्टही करावी लागते. कारखाने बंदही पडतात : मार्सडन पॉइंटची रिफायनरी २०२२ साली थांबली. टिवाई पॉइंटच्या ॲल्युमिनियम कारखान्याचे भवितव्य कित्येक वर्षे टांगणीला होते. २०२४ साली त्याचे २०४४ पर्यंतचे वीजकरार झाले. तेव्हा डोळे उघडे ठेवूनच निवड करावी.

मला आयटीने भरपूर दिले, तक्रार नाही. फक्त मी जे सोडले ते काय होते, हे सोडताना मला माहीत नव्हते. आपल्या मुलांनी कॉम्प्युटर जरूर घ्यावे, पण बाकीचे काय आहे ते एकदा बघून मग घ्यावे. विद्यापीठांच्या ओपन डेला त्यांना घेऊन जा, आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या!

सर्व विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा.